पाण्याचा थेंब नसलेलं पातेलं

शंकाकाकू हे नाव त्यांना नक्की कोणी दिलं ते कोणालाच सांगता येत नाही, पण ज्यानं दिलं त्यानं माणूस ओळखून दिलं. दुधाची पिशवी घरात आली की काकू आधी ती उजेडाकडे धरणार, मग हुंगणार, मग तारीख वाचणार, आणि तरीही दूध तापवताना पातेल्याकडे असं बघणार की दुधालाच घाम फुटावा. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या आणि पुन्हा ओढायचं. शेजारीण एकदा म्हणाली, "काकू, कुलूप बिचारं तुटेल एक दिवस!" त्यावर काकूंनी तिच्याकडेच रोखून पाहिलं. तिला आपल्या कुलपाची एवढी काळजी का, ही नवी शंका त्यांना पुढचा आठवडाभर पुरली.

आता यात काकूंचा स्वभाव किती आणि धंदा किती, हे सांगणं कठीण आहे. शर्ट शिवायच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर बसत. शिवून आलेला शर्ट आधी उलटा करायचा, कारण वरून सगळेच शर्ट चांगले दिसतात. मग काखेतली शिवण ओढायची, कॉलरच्या टोकात बोट घालायचं, काजं नखानं चाचपायची. खोट सापडली की खडूची फुली. आणि शर्टाच्या आत शिवणाऱ्या बाईचा नंबर असतोच, त्यामुळे फुली मारली की लगेच पुढचा प्रश्न, कोणाचा हात? शर्ट धड असला तर काकू "पास" म्हणत, तेही असं तोंड करून, की जणू कोणी दाढ उपटून नेली. त्यांच्या टेबलावरून सुटलेला शर्ट मात्र दुकानातून कधी परत आला नाही, हे मुकादमसुद्धा कबूल करायचा.

नवरा लवकर गेला, मुलगा लहान होता, घरात दुसरं कोणी नाही. अशा बाईनं डोळ्यात तेल घालून वागायचं नाही तर कोणी वागायचं? मुलाला त्यांनी असंच वाढवलं, उलटा करून, शिवणी ओढून. तो कसा कोण जाणे, अगदी विश्वासू निघाला. कोणी काही सांगितलं की खरं मानायचं आणि हसायचं. एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात तो चिराचिरीच्या ओट्यावर होता. कांदे, गाजरं, मटण, जे समोर येईल ते चिरायचं. सकाळी अंधारात जायचा आणि दुपारचं जेवण उरकलं की घरी. त्याचं लग्न झालं, सून आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "खूप छान दिसते हो!" म्हणायचं, हे तिचं काम. काकूंना पहिल्या दिवशीच प्रश्न पडला, की दिवसभर सगळ्यांना छान म्हणणारी ही मुलगी घरी खरं कधी बोलते?

तरी दोघींचं बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षी ते झालं.

सुनेला दिवस गेले होते, पण तिसऱ्या महिन्यातच तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती रिकामी होऊन घरी आली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकूंनाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण दुःख झालं की माणसाच्या तोंडून त्याच्या सवयीचंच बाहेर पडतं. काकू उशाशी बसल्या, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय उचललं होतंस का गं? काही खाल्लं होतंस?"

सुनेनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. त्यानंतर मात्र तिला एक नवीन सवय लागली. रोज संध्याकाळी चपला काढल्या की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि कोणी न विचारता सांगायची, "आज मी काही जड उचललं नाही. डबा पूर्ण खाल्ला. बाहेरचं काही खाल्लं नाही. जिना सावकाश चढले." एवढं बोलून आत जायची. काकूंना ही सवय फार आवडली. मुलगी शहाणी झाली, असं त्यांनी कारखान्यातही सांगितलं.

आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते. सहावा महिना लागला होता आणि घरात सगळे काचेच्या बरण्यांमधून चालल्यासारखे चालत होते. त्यात तिची अन्नावरची वासनाच उडाली. वरण नको, भात नको, पोळीचा घास तोंडात फिरतोय. काकू हरल्या. अशात एके दिवशी मुलगा डबा घेऊन आला. त्यांच्या रेस्टॉरंटचं नाव ज्यावर चालायचं ते मटण, वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेलं. जेवणं उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेलं त्यानं बायकोसाठी मागून आणलं होतं. सुनेनं झाकण उघडलं आणि बोटं चाटून खाल्लं! नवरा तिच्या तोंडाकडे बघत बसला, इतका खूश, की त्यालाच जेवल्यासारखं झालं.

डबा घासायला काकूंनी घेतला. घासायच्या आधी सवयीनं हुंगला. आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"यात दारू आहे," त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या.

"वाइन आहे, आई. पण सकाळी घालतात. दुपारपर्यंत रटरट शिजतं. सगळी उडून जाते. नुसती चव राहते."

"कोण म्हणतं?"

"वस्ताद म्हणतात."

"वस्ताद काय पातेल्यात उतरून बघून आले?"

मुलगा हसला. "आई, तुला ना दुधात पण मासा दिसतो."

झालं, विषय त्याच्याकडून संपला. काकूंकडून कसला संपतोय! पुढच्या वेळी डबा आला तेव्हा त्यांनी एक चमचा स्वतः चाखला. मटण मऊ होतं, चव झकास होती, आणि घशाशी किंचित ऊब लागली. मिरीची म्हणावी तर मिरीची, नाही तर नाही. दारू काकूंनी जन्मात चाखली नव्हती, त्यामुळे ताडून तरी कशाशी बघणार? डोळे मिटून दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. सून दारात येऊन म्हणाली, "आवडलं का तुम्हाला?" तेव्हा चोरी पकडल्यासारखं झालं.

खरी गंमत पुढेच आहे. एरवी शंका आली की काकू ती चारचौघांत मांडून मोकळ्या व्हायच्या. या वेळी त्यांनी तोंड शिवलं. मुलगी कित्येक दिवसांनी पोटभर जेवत होती. तिला उगाच घाबरवायचं? आणि न घाबरवावं, तर त्या बाळाला हे चालतं की नाही? रात्री त्यांना झोप लागेना. मुलावर त्यांचा विश्वास होता, त्याच्या ऐकीव गोष्टींवर काडीचा नव्हता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी सुईदोऱ्याची डबी पिशवीत टाकली आणि सरळ रेस्टॉरंटच्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

तिथल्या लोकांचे एप्रन काकूंच्याच कारखान्यात शिवले होते. "एप्रनच्या नाड्या निघतात म्हणून तक्रार आलीये," काकूंनी ठोकून दिलं. अशी तक्रार कोणीही केली नव्हती. खोटं बोलणाऱ्यांवर आयुष्यभर दात ठेवणारी बाई दारात उभी राहून धडधडीत खोटं बोलली आणि तिची पापणीसुद्धा लवली नाही. वस्ताद, म्हणजे मालक आणि मुख्य स्वयंपाकी, पोट सुटलेला, बोलका माणूस. त्यानं आपली नाडी ओढून बघितली, तर ती खरंच हातात आली! "बघा!" काकू म्हणाल्या, आणि मनातून स्वतःच चकित झाल्या. मग काय, शेगडीजवळचं स्टूल मिळालं आणि एकेक एप्रन मांडीवर आला. ओट्यापाशी कांदे चिरणाऱ्या मुलाचे कान लाल झाले. आईला तो ओळखून होता.

"हे ते मटण का?" मोठ्या पातेल्याकडे मान वळवून काकूंनी विचारलं.

वस्तादला तेवढंच हवं होतं. "हेच! पहाटे वाइन घालतो, मग झाकण आणि बारीक आच. आणि या पातेल्यात पाण्याचा थेंब पडलेला मला खपत नाही. एक थेंब नाही! पाणी घालणाऱ्याला मी घरी पाठवतो." एवढं सांगून तो बाहेर गिऱ्हाइकांकडून वाहवा घ्यायला गेला. जेवणाची वेळ सुरू झाली होती.

काकू नाडी शिवत राहिल्या. डोळे सुईवर, लक्ष पातेल्यावर. पातेलं बारीक आचेवर आटत होतं, मटण घट्ट होत चाललं होतं. शेगडीवरचा बुटका आचारी आला, पळीनं ढवळलं, तोंड वाकडं केलं. शेजारी एक काचेचा जग होता. त्यानं जगातलं लालभडक काहीतरी सढळ हातानं पातेल्यात ओतलं, ढवळलं, दोन ताटल्या वाढल्या आणि गेला. थोड्या वेळानं चष्मेवाला आचारी आला. पातेलं पुन्हा आटलेलं. त्यानंही जग उचलला. मग भाजायच्या शेगडीवरची आचारीणबाई आली. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि तिनंही ओतलं. गर्दी वाढली तसं हे चक्र फिरत राहिलं. कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. मुलाची तर शेगडीकडे पाठच होती. त्याची बिचाऱ्याची सगळी दुनिया म्हणजे समोरची पाटी आणि कांदे.

जेवणं उरकत आली. बुटक्यानं गॅस बंद केला, तळाशी राहिलेलं घट्ट बघून जगातलं उरलंसुरलं त्यात रिचवलं, एकदा ढवळलं आणि हाक मारली, "ए, घे रे डबा! वहिनींसाठी ठेवलंय."

काकूंनी सुई नाडीत तशीच टोचून ठेवली. त्या उठल्या, जग उचलला आणि नाकाशी नेला. डब्यातल्या ज्या वासाची त्यांना खात्री देता येत नव्हती, तो इथे नाक भाजून गेला.

"हे काय ओतता हो तुम्ही?"

"वाइन, काकू. घट्ट होतं ना, म्हणून जरासं. मी एकटाच घालतो."

"एकटाच?" काकूंनी चष्मेवाल्याकडे बघितलं.

चष्मेवाल्यानं चष्मा पुसायला काढला. "मी पण... म्हणजे अगदी थोडं. मला वाटलं मीच घालतो."

आचारीणबाई म्हणाली, "अगं बाई! मग मी कशाला घालत होते?"

तेवढ्यात वस्ताद आत आला आणि त्याला सगळं कळलं. "वरून ओतता? शिजलेल्यात?" तो ओरडला.

"मग काय करायचं?" बुटकाही पेटला. "पाणी घातलं तर घरी पाठवता! पातेलं आटलं तर करपल्याबद्दल शिव्या देता! उरलं काय हाताशी?"

वस्तादनं पळीनं चाखून बघितलं. मग म्हणाला, "तरीच! लोक म्हणतात हल्ली चव वाढलीये."

"लोकांचं मला काय करायचंय!" काकूंचा आवाज एवढा चढला की बाहेरचा वेटर आत डोकावला. "माझी सून सहा महिन्यांची गरोदर आहे. ती हे खाते!"

वस्तादनं भरलेला डबा मुलाच्या हातून काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. "अरे गाढवा," तो मुलाला म्हणाला, पण हळू आवाजात, "सांगायचं नाही का मला? तिच्यासाठी मी वेगळं पातेलं चढवलं असतं. वाइनशिवाय."

घरी परतताना मुलगा रस्त्यात दोनदा थांबला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "आई, तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "डबा बंद करू. काहीतरी कारण सांगू. कळलं तर ती मागच्यासारखी भिंतीकडे तोंड करून झोपेल. मी हातानं आणून दिलं गं तिला."

काकूंनाही क्षणभर तेच बरं वाटलं. पण आतून फाटलेल्या शर्टाला वरून इस्त्री करून पाठवणाऱ्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांच्याइतका राग त्यांना कोणाचा आला नव्हता. "नाही," त्या म्हणाल्या. "आज तिला सांगायचं आणि उद्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं."

त्यांनी सांगितलं. शक्य तेवढ्या हळू, पातेलं, जग, तिन्ही आचारी, सगळं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. हात पोटावर गेला. आणि तिच्या तोंडून पहिले शब्द आले ते हे, "मी मुद्दाम नाही हो खाल्लं."

तिला कोणी काही म्हटलंच नव्हतं. मुलानं चटकन तिचा हात धरला. काकू मात्र जागच्या जागी बसून राहिल्या. मुद्दाम? हा शब्द या मुलीच्या मनात आला कुठून? आणि मग रोज संध्याकाळी दारात उभं राहून ती म्हणत होती ते सगळं त्यांच्या कानात वाजायला लागलं. जड उचललं नाही. बाहेरचं खाल्लं नाही. जिना सावकाश चढले. शहाणी झाली म्हणून जिचं कौतुक केलं, ती रोज संध्याकाळी आपल्यापुढे जबानी देत होती! काकूंना इतकी लाज वाटली की त्या पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि माठापाशीच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कितीदा खाल्लं? गेल्या दोनेक आठवड्यांत चारपाच वेळा. किती? छोटी वाटी. त्यांनी सुनेला तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. धडधड धडधड असा आवाज खोलीत भरला आणि मुलगा चक्क रडला.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात दारू एवढी घेतली तर चालते, असा आकडा कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, घेऊच नका. जेवणात घालून पुष्कळ वेळ शिजवली तर बरीचशी उडते, पण सगळीच्या सगळी उडते हा समज चुकीचा आहे. आणि शेवटी वरून ओतलेली तर बरीच तशीच राहते. तेव्हा यापुढे ते मटण नको. पण हिच्या पोटात गेली असेल ती फार थोडी. त्यावरून घाबरून जाण्यासारखं मला काही दिसत नाही. बाळाची वाढ नीट आहे."

सुनेनं मान हलवली. मग खाली बघत, ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, "मागच्या वेळीही माझ्या खाण्यात असंच काही आलं असेल का?"

"नाही गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा गर्भातच काहीतरी नीट जुळलेलं नसतं म्हणून. आईनं काही केलं म्हणून नाही."

सुनेनं पुन्हा मान हलवली. पण काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, की हिला हे पटलेलं नाही. दिवसभर लोकांना "छान दिसते" म्हणणाऱ्या मुलीला समजूत काढणं ओळखता येतं.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टरीणबाई, तुम्ही खरं सांगताय, की समजूत काढताय?"

"आई!" मुलगा दचकला.

"तू गप्प बस. मला उत्तर हवंय. तेव्हा ही दुकानात दिवसभर उभी असायची. त्यानं झालं?"

"नाही."

"गर्दीच्या बसमधून यायची. धक्केबुक्के?"

"नाही हो."

"एकदा पाण्याची बादली उचलली होती, मी पाहिलंय. तिखट खायची. माझ्याशी भांडून जेवली नव्हती एकदा."

"त्यातल्या कशानंही नाही, काकू."

"बहुतेक वेळा म्हणालात. मग हिच्या वेळी कशावरून?"

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे नीट पाहिलं. मग सुनेचे जुने कागद काढले, वाचले आणि सुनेकडेच वळून बोलल्या. "शंभर टक्के कारण कोणीच सांगू शकणार नाही. पण तिनं केलेलं काही त्याला कारण होतं असं म्हणायला इथे काहीही जागा नाही. हे मी समजूत म्हणून सांगत नाहीये."

काकूंनी एवढा वेळ घेतला, जणू शेवटची शिवण ओढून बघत होत्या. मग त्या सुनेकडे वळल्या.

"खोट पातेल्यात होती," त्या म्हणाल्या. "तुझ्यात नाही. तेव्हाही नव्हती. मी तेव्हा विचारलं ते चुकलंच माझं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या बाईनं आजवर दुधाच्या पिशवीलाही सोडलं नव्हतं, ती हे बोलत होती. मग तिचा धीर सुटला आणि ती हुंदके देऊन रडली. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

त्यानंतर दोनचार दिवसांनी, संध्याकाळी, चपलांचा आवाज आला. काकू शेगडीपाशी होत्या. वस्तादनं वाइनशिवाय शिजवून पाठवलेलं मटण गरम करत होत्या. हुंगून, चाखून आणि मुलाला आईची शपथ घालूनच ते घरात आलं होतं, ही गोष्ट वेगळी. सून नेहमीप्रमाणे दारात उभी राहिली.

"आज मी काही जड उचललं नाही. डबा..."

"मी विचारलं का?" काकू म्हणाल्या.

ती थांबली. "नाही."

"मग हातपाय धू आणि बस."

सून बसली. काकूंच्या ओठांवर प्रश्नांची रांग लागली होती. बसला जागा मिळाली का, दुपारी झोप आली का, पाय सुजलेत का. त्यांनी सगळे दाताखाली दाबले आणि पळी फिरवत राहिल्या.

"आई," सून आपण होऊन म्हणाली, "आज दुकानात बाळानं एवढी जोरात लाथ मारली, की माझ्या हातातली फ्रेमच पडली."

काकूंनी गॅस बारीक केला. हात पदराला पुसले. "कुठे गं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि सुनेनं त्यांचा हात धरून तिथे ठेवला.